वाचून दाखवले, बरोबर आहे

सहा वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास, तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या गेटवर एका कंत्राटी कामगाराने गळ्यातला पास काढून मुकादमाच्या हातात दिला. पासावर नाव त्याच्या धाकट्या भावाचे होते आणि फोटोही धाकट्या भावाचाच होता. त्या पासावर तो चार वर्षे कामाला जात होता. त्या दिवशी त्याचे काम बंद झाले.

तो माझ्या वर्गमैत्रिणीचा बाप. पासाची गोष्ट गेटपर्यंत पोहोचली ती मी वर्गासाठी लिहिलेल्या तिच्या मुलाखतीतून.

आम्ही दोघी पालघरच्या एका कॉलेजात पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला होतो. वर्ग सकाळचा होता. मुले विक्रमगड, वाडा, डहाणू, सफाळे अशी चारी बाजूंनी यायची आणि पहिल्या तासाला अर्धा वर्ग एसटीत असायचा. शिकवायला एक सर होते. ते एका दैनिकाचे पालघरचे काम पाहत आणि तिथून वेळ काढून आमच्याकडे येत. फळ्यावर फारसे लिहीत नसत. आमचे कागद घेत, लाल पेनाने रेघा मारत आणि परत देत.

डिसेंबरात सरांनी एकमेकांच्या मुलाखती घ्यायला लावल्या. चिठ्ठ्या टाकून जोड्या ठरल्या. नियम दोन होते. पहिला, मुलाखतीत वर्गातल्या कुणालाही माहीत नसलेली एक तरी गोष्ट हवी. दुसरा, लिहून झाल्यावर पूर्ण मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवायचा आणि शेवटच्या पानाच्या खाली तिच्या हाताने लिहून घ्यायचे, ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’. त्याखाली सही. सर बातमीदार असताना एका सरपंचाने ‘मी असं बोललोच नाही’ म्हणून हात वर केले होते. तेव्हापासून त्यांनी ही सवय लावून घेतली होती.

“सर, आमच्या मुलाखतीत काय निघणार?” मागच्या बाकावरचा वाड्याचा मुलगा म्हणाला. “उठलो, एसटी पकडली, झोपलो, संपलं.”

“कुठे झोपतोस?”

“एसटीत सर. उरलेलं इथं.”

“इथलं लिहू नका,” सर म्हणाले. “ते वर्गाला माहीत आहे.”

जाता जाता सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सगळ्यांत चांगली मुलाखत भित्तिपत्रकावर लागेल आणि ती लिहिणाऱ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या कार्यालयात काम शिकायला मिळेल. मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. ते पान अजून आहे.

माझ्या चिठ्ठीत जिचे नाव आले ती सातपाटीची होती. तोपर्यंत आमचे बोलणे वहीच्या देवाणघेवाणीपुरते होते. ती तिसऱ्या बाकावर खिडकीजवळ बसायची. डब्यात मासे आणायची आणि डबा उघडण्याआधी शेजारच्यांना विचारायची, “कुणाचा उपास नाय ना?”

आधी तिने माझी मुलाखत घेतली, कॉलेजबाहेरच्या चहाच्या टपरीवर. प्रश्न तिने घरून लिहून आणले होते, नंबर घालून. चौथा प्रश्न वडिलांचा होता.

वर्गात मला ‘सायंटिस्टची पोरगी’ म्हणत. आम्ही तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीत राहत होतो, एवढ्यावरून कुणीतरी पहिल्या आठवड्यात हे नाव पाडले होते. मी ते कधी खोडून काढले नाही. वडील केंद्राच्या कॅन्टीनमध्ये होते. जळगावकडून आले, भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि पुढे भाताच्या मोठ्या पातेल्यांचे काम त्यांच्याकडे आले.

“पप्पा सायंटिस्ट ना तुझे?” तिने विचारले.

“कॅन्टीनला आहेत,” मी म्हणाले. का म्हणाले ते मला सांगता येत नाही. तिने विचारले आणि उत्तराची वाट पाहिली, एवढेच झाले.

ती हसली नाही. तिने पेनाला टोपण लावले. “लिवू?”

“नको.”

“बरं.” मग टोपण काढून तिने एक ओळ लिहिली. ती मला उलट्या बाजूने वाचता आली. ‘वडील नोकरी करतात.’

दोन दिवसांनी तिने मला मजकूर वाचून दाखवला. प्रत्येक वाक्यानंतर थांबून विचारायची, “बरोबर?” मी कंटाळून म्हणाले, “अगं, एकदम वाच ना.” ती म्हणाली, “सरांनी सांगितलंय. मंग तूच बोंबलशील.” मी ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ लिहून सही केली. त्या मुलाखतीत मला आवडणाऱ्या भाज्या होत्या, वसाहतीतली शाळा होती आणि समुद्रावर फिरायला जाण्याची सवय होती. कॅन्टीन नव्हते.

माझी पाळी रविवारी आली. मी सातपाटीला तिच्या घरी गेले. गल्लीच्या तोंडाशी बोंबील सुकायला टाकले होते आणि तिची आई माशांची टोपली धुऊन पालथी घालत होती. आई रोज सकाळी बोईसरच्या बाजारात मासे विकायला बसायची, रविवारी दुपारी परतायची. वडील ओटीवर बसून जाळ्याचा फाटलेला भाग सांधत होते. कारखान्याला सुट्टी होती.

तासभर मी प्रश्न विचारले. तिने सगळ्यांची उत्तरे दिली आणि वहीत कामाचे काही येईना. लहानपणी काय व्हायचे होते, असे विचारले तर म्हणाली, “मोठी.” पत्रकारिता का घेतली, तर म्हणाली, “मच्छीमार सोसायटीच्या नोटिसा आमच्या आळीत मीच वाचून दाखवते. म्हटलं, लिवायला पण शिकू.” आज मला ते उत्तर चांगले वाटते. त्या दिवशी मी ते अर्धेच उतरवले.

तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी तिच्या काकाच्या नावाने हाक मारली. ओटीवरून तिचे वडील “ओ” म्हणाले.

आई मोठ्याने हसली. “घ्या! आता घरात पन भाऊच झाला.”

“सवय लागली,” वडील म्हणाले आणि तेही हसले. हाक मारणाऱ्याला त्यांनी सांगितले, “तो बंदरावर हाय. मी मोटा.”

मला काही कळले नाही, म्हणून तिने सांगितले. वडील आधी बोटीवर होते. खांदा गेला, बोट सुटली. कारखान्यातला ठेकेदार त्या वयाच्या माणसाचा नवा पास करत नव्हता. काकाने एका वाईट हंगामात पास काढला होता, पण दोन महिन्यांत तो परत समुद्रावर गेला. पास तसाच होता. दोघे भाऊ तोंडावळ्याने सारखे. वडील त्या पासावर जाऊ लागले. दरवर्षी पास नवा व्हायचा, फोटो जुनाच राहायचा.

“पहिल्या वर्षी मुकादम काकाच्या नावाने ओरडून ओरडून दमायचा,” ती म्हणाली. “हे आपले बघतच नायत. तो म्हणायचा, ‘चाचा, कान में क्या मछली घुस गयी?’ आता उलटं झालंय. घरी यांच्या नावाने हाक मारली तर बघत नायत.”

“काय बी सांगते,” वडील म्हणाले.

मी लिहीत होते. ती माझ्या वहीकडे बघून थांबली. “हे लिवू नको हां.”

“नाही गं.”

“खरंच. त्यांचं काम जाईल.”

“अगं, नाही म्हटलं ना,” मी म्हणाले आणि वही मिटली.

वाक्ये याच क्रमाने झाली. ‘काम जाईल’ हे शब्द तिने वापरले होते, हे मी नंतर अनेकदा स्वतःशी तपासून पाहिले. वापरले होते.

घरी लिहायला बसले. मोठी व्हायचे होते, नोटिसा, डबा, एसटी, हे सगळे दीड पानात संपले. पहिला नियम पाळायचा तर एकच गोष्ट होती. मी ती तीन वाक्यांत लिहिली. ‘सकाळी घरातून निघताना तिचे वडील स्वतःचे नाव खुंटीला टांगतात आणि धाकट्या भावाचे नाव गळ्यात घालतात. कारखान्याच्या गेटावर गेली चार वर्षे ते काका आहेत. घरी परतल्यावर पुन्हा बाबा होतात.’ वाक्ये मला आवडली. मी ती आईला न सांगता दोनदा मोठ्याने वाचली.

ओळख लपवायची असते, हे सरांनी आधीच्या महिन्यात शिकवले होते. मी लपवली. वडिलांचे नाव घातले नाही, कारखान्याचे नाही, ठेकेदाराचेही नाही. एवढे केले म्हणजे झाले, असे मला वाटले. मजकुराच्या वर नियमाप्रमाणे मुलाखत कुणाची ते लिहायचे होते. तिथे मी तिचे पूर्ण नाव लिहिले, म्हणजे मधले नाव वडिलांचे. त्यापुढे गाव आणि बाजूला तिचा फोटो चिकटवला.

वाचून दाखवायचे ठरले पालघरच्या एसटी स्टँडवर, वर्ग सुटल्यावर. तीन वाक्ये दुसऱ्या पानाच्या सुरुवातीला होती. पहिले पान वाचून झाले. मी पान उलटले, खोकले आणि चौथ्या ओळीपासून वाचायला लागले. वाचन संपल्यावर कागद माझ्याच मांडीवर ठेवला आणि खालची रिकामी जागा तिच्याकडे केली.

“झालं?” तिने विचारले.

“झालं.”

तिने वाकून लिहिले, ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ सही केली, तारीख घातली. “चांगलं लिवतेस गं,” ती म्हणाली. “माझंच ऐकून मला बरं वाटलं.” मग सातपाटीची बस लागली आणि ती पळाली.

घरी जाऊन ती तीन वाक्ये खोडायची, असे मी त्या वेळी ठरवले होते. हे मी आज सांगते आहे. त्याला पुरावा नाही. पुरावा कागदाचा आहे, आणि कागदावर खोडलेले नाही. दुसऱ्या दिवशी मी तो सरांना दिला.

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी कागद परत मिळाले. तिने घेतलेल्या माझ्या मुलाखतीवर सरांनी लाल पेनाने लिहिले होते, ‘यात नवीन काय?’ माझ्या कागदावर तीन वाक्यांखाली रेघ होती आणि समासात एकच शब्द, ‘हे!’

“तुला काय शेरा?” तिने बाकावरून वळून विचारले.

“ठीक आहे,” मी म्हणाले. कागदाची घडी आधीच घातली होती.

“मला बघ.” तिने स्वतःचा कागद वर धरला. “यात नवीन काय! अगं, तूच जुनी निघालीस त्याला मी काय करू?” आजूबाजूचे हसले. मीही हसले. माझ्याबद्दलची नवीन गोष्ट तिला माहीत होती आणि ती तिच्याजवळच राहिली होती.

शुक्रवारी माझी मुलाखत भित्तिपत्रकावर लागली, कार्यालयाच्या बाहेर, फी भरायला येणाऱ्यांची रांग असते त्या भिंतीवर. त्या दिवशी ती कॉलेजात नव्हती. चुलत बहिणीची हळद होती, शनिवारी लग्न. हे मला माहीत होते. फलकापुढे मी एकटी असण्याचा वेळ मिळाला, साधारण पाच मिनिटे. कागद चार टाचण्यांवर होता. मी मोबाईल काढला, फोटो घेतला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकला. फोटोवर पिवळ्या अक्षरांत लिहिले, ‘माझी पहिली बायलाइन’, म्हणजे माझ्या नावानिशी लागलेला पहिला मजकूर.

शनिवारी सकाळपर्यंत तो फोटो कुणीकुणी पाहिला ती यादी मी वाचली. मामा, मावशी, शाळेतल्या मैत्रिणी. आमच्याच इमारतीतले एक काका. काकू केंद्रात नोकरीला होत्या, ते स्वतः बोईसरच्या एका कामगार ठेकेदाराच्या कार्यालयात होते. कोणत्या कारखान्यांना त्यांची माणसे जातात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. काकांनी अंगठा पाठवला होता. मी त्यांना हात जोडलेले चिन्ह पाठवले.

सोमवारी माझी बस उशिरा आली. मी पोहोचले तेव्हा भित्तिपत्रकावर चार टाचण्या होत्या, कागद नव्हता. ती वर्गात पहिल्या बाकावर बसली होती. तिथे ती कधी बसत नसे. सर शिकवत होते. तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली.

“किती जणांनी वाचलं असेल?”

“दोन दिवसच होतं,” मी म्हणाले. “शनिवारी तर कुणी नसतंच.”

“नक्की?”

“हो गं. आणि नाव कुठे आहे त्यांचं?”

तिने बॅगेतून कागद काढला, उलगडला आणि स्वतःच्या नावाच्या मधल्या शब्दावर बोट ठेवले.  कागद पुन्हा बॅगेत गेला. स्टेटसचे मी सांगितले नाही. चोवीस तास होऊन ते आपोआप गेले होते.

मंगळवारी गेटवर जे झाले ते मी वर लिहिले आहे. बुधवारी ती आली नाही. मी सरांना गाठले आणि तिच्या वडिलांच्या कामाचे सांगितले; सकाळी तिने मला फोनवर चार शब्दांत कळवले होते.  मग त्यांनी विचारले, “सही आहे ना तिची?”

“आहे.”

“सगळं वाचून दाखवलं होतंस?”

मी हो म्हणाले.

“मग आपण काय करणार,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी ठेकेदाराकडे शब्द टाकून पाहतो म्हटले. त्यांनी फोन केला होता, हे मला नंतर त्यांच्याच कार्यालयात काम करताना कळले. उपयोग झाला नाही.

गुरुवारी मी सातपाटीला गेले. वडील त्याच ओटीवर होते. आई बाजारातून आली नव्हती. तिने मला पाट दिला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. मी ठरवून गेले होते, ते लगेच सांगून टाकले. “स्टँडवर मी ती तीन वाक्यं वाचली नव्हती.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली.

“कसं?”

“पान उलटून थांबलीस. खोकलीस. मी वरचं पाहिलं, तिथं ओळी व्हत्या आणि तू खालून वाचलंस. मला वाटलं, तू त्या खोडणार. म्हणून वाचत नायस.” ती नखाने उंबऱ्याचा रंग खरवडत होती. “म्हणून सही केली.”

मी सॉरी म्हणाले. 

वडील म्हणाले, “जाऊ दे बाय. कदी तरी जानार व्हतंच ते.” मग गेटवर काय झाले ते त्यांनीच सांगितले. मुकादमाने बाजूला घेतले. मोबाईल पुढे केला. म्हणाला, ‘चाचा, ये लड़की आपकी है?’ “मला वाचता येत नाय बरोबर. पन पोरीचा फोटो वलखला. हो म्हटलं. खोटं कसं सांगनार, पोर माजी हाय. वर पिवल्या अक्सरात काय तरी लिवलं व्हतं. मला वाटलं, तिचं नाव हाय.”

“पिवळ्या?” तिने विचारले. “कागदावर पिवळं काय नव्हतं.”

“व्हतं. मोटं व्हतं.”

तिने माझ्याकडे पाहिले. मी वडिलांकडे पाहत होते. “आणखी कुणीतरी फोटो काढला असेल,” मी म्हणाले.

हे त्या दिवशीचे माझे शेवटचे वाक्य होते. त्यानंतर मी पाणी प्यायले आणि निघाले.

इमारतीतल्या काकांनी फोटो पुढे पाठवला का, हे मी त्यांना कधी विचारले नाही. वर्षभरात काकूंची बदली झाली आणि ते गेले. मुकादमाच्या मोबाईलवर तो कुणी पाठवला याची खात्री झालेली नाही. तो माझ्या स्टेटसवरचा होता, एवढ्याची आहे.

जानेवारीच्या अखेरपर्यंत ती अधूनमधून वर्गात आली. मग आईबरोबर बोईसरला जाऊ लागली. टोपल्या उचलायला दुसरे माणूस लागायचे आणि वडिलांचा खांदा तसा होता. बाजाराची वेळ आणि वर्गाची वेळ एकच होती. एप्रिलमध्ये परीक्षा झाली. तिचा बैठक क्रमांक माझ्या मागचा होता. चारही दिवस मागचा बाक रिकामा होता. मे महिन्यात मी सरांच्या कार्यालयात काम शिकायला गेले. आज मी करते ती नोकरी तिथून सुरू झाली.

बातमीदार म्हणून मी कोळगावला जिल्हा मुख्यालयात जाते, बोईसरला जाते, सातपाटीला वादळाचा इशारा असला की जाते. सातपाटीला गेले की बंदरावरूनच परत येते. मुलाखत घेतली की पूर्ण वाचून दाखवते. सहकारी चेष्टा करतात. “बाईंचं पारायण सुरू झालं,” म्हणतात. कारण मी कुणाला सांगितलेले नाही.

या वर्षी बोईसरच्या मासळी बाजारातल्या ओट्यांची एक बातमी होती. टाळता आली असती तर मी टाळली असती. दुसरे कुणी नव्हते. ती आईच्या जागेवर बसली होती. आईच्या गुडघ्यामुळे आता तीच येते. तिने मला आधी पाहिले.

“काय गं सायंटिस्टची पोरगी,” ती म्हणाली. “मांदेली घे. ताजी हाय.”

मी समोर बसले. गिऱ्हाईक होते. ते जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, “ती पिवळी अक्षरं माझी होती. मी स्टेटसला टाकलं होतं. तुझ्या घरी मी खोटं बोलले.”

तिने हातातली मांदेली निवडून पूर्ण केली. कोयता पुसला. “हे आता सांगतेस?”

“हो.”

“सहा वर्षं रोज इकडून जातेस. मी बघते ना. त्या कोपऱ्यावरून वळतेस.” शेजारची बाई आमच्याकडे बघायला लागली. तिला ही म्हणाली, “माझ्या वर्गातली हाय. पेपरात लिवते.” मग मला म्हणाली, “बापूस परत कुठंच लागला नाय. ठेकेदार सगले एकमेकांना ओलखतात. जाली सांधतो बंदरावर.”

“मी हे लिहू का?” मी विचारले. “सगळं. मी काय केलं ते.”

“तुझा कॅन्टीनवाला घालशील काय त्यात?”

“घालीन.”

 दोन गिऱ्हाईके झाली. मग म्हणाली, “नाव घालू नको. कुणाचंच. माझं नको, बापसाचं नको, मधलं तर नकोच. आणि लिवून झालं की वाचून दाखव.” ती थांबली. “सगलं. खोकायचं नाय.”

म्हणून या मजकुरात नावे नाहीत.

गेल्या सोमवारी दुपारी, बाजार उठल्यावर, मी तिला हा मजकूर तिच्या ओट्यावर बसून वाचून दाखवला. इथपर्यंत, सगळ्या ओळी. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबले. दोन ठिकाणी ती हसली. कान में मछली आणि डब्याला. स्टँडचा भाग आला तेव्हा तिने पाणी मारून ओटा धुवायला घेतला, पण वाच म्हणाली.

तिने एक दुरुस्ती सांगितली. पहिल्या परिच्छेदात मी लिहिले होते, ‘कामगाराचा पास काढून घेण्यात आला.’

“काढून घेतला नाय,” ती म्हणाली. “मुकादमाने हात पन लावला नाय. त्यांनी सोता गल्यातून काढून दिला.”

ती दुरुस्ती केली आहे. शेवटचे पान मी तिच्यापुढे ठेवले आणि पेन दिले. तिने पान पूर्ण पाहिले आणि पेन परत केले. सही केलेली नाही.